परदेशी जाणारे पार्सल, बदलते सीमाशुल्क आणि वैद्याचे औषध

वैद्याकडून औषध घेणारा रुग्ण आज केवळ पंचक्रोशीतला राहिलेला नाही. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले वृद्ध मातापिता, नोकरीनिमित्त लंडनला किंवा म्युनिकला स्थायिक झालेले तरुण दांपत्य, सुटीत माहेरी येऊन नाडी दाखवून परत गेलेली कन्या, अशा अनेकांची चिकित्सा पुढे चालू राहते ती टपालाने अथवा कुरियरने जाणाऱ्या पार्सलाच्या भरवशावर. पार्सल वेळेवर पोहोचते तोवर या व्यवस्थेकडे कोणाचे लक्षही जात नाही. ते अडकले म्हणजे मात्र चिकित्सेचा क्रम मोडतो, रुग्णाचा धीर सुटतो आणि वैद्याला काय उत्तर द्यावे हे कळेनासे होते.

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात नेमके हेच घडले. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणाऱ्या बहुतेक टपालवस्तूंची नोंदणी थांबविली. आरंभी पत्रे, कागदपत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू यांना मुभा होती. महिनाअखेरीस तीही काढून घेण्यात आली. सेवा पूर्ववत सुरू झाली ती १५ ऑक्टोबर रोजी. सुमारे सात आठवडे टपालाचा मार्ग बंद राहिला. हे का झाले, त्यामागील नियम कोणते, इतर देशांत काय स्थिती आहे आणि वैद्यवर्गाने कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

शुल्काची परंपरा

सीमेवर मालावर शुल्क घेणे ही काही आधुनिक कल्पना नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. नगरद्वाराशी शुल्कशाळा असावी, व्यापाऱ्याने आपल्या मालाचे प्रमाण व मूल्य तेथे जाहीर करावे, आणि शुल्काच्या भीतीने ते कमी सांगितल्यास दंड व्हावा, असे हे शासन आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः पाचवा भाग शुल्क सांगितले असले, तरी वस्तुपरत्वे दर निराळे आहेत; आणि ज्या वस्तूंवर केवळ विसावा किंवा पंचविसावा भाग घ्यावा असे म्हटले आहे, त्यांत वस्त्र, कापूस, सुगंधी द्रव्ये यांच्या जोडीने भैषज्याचाही उल्लेख आहे. विवाह, प्रसूती, यज्ञ, उपनयन अशा प्रसंगांसाठी नेला जाणारा माल आणि भेटीदाखल दिलेल्या वस्तू यांना शुल्कमुक्ती दिलेली आहे. मात्र शुल्कमुक्तीच्या नावाखाली खोटे बोलणाऱ्यास चोरीचा दंड सांगितला आहे.

आजच्या सीमाशुल्क व्यवस्थेचे चारही स्तंभ यात दिसतात: वस्तूचा प्रकार, तिचे मूल्य, ती कोठून आली ते स्थान, आणि सवलतीचे कारण. या चारांपैकी कोणत्याही एकाचा नियम बदलला की पार्सलाची वाट बदलते.

पार्सल कसे जाते

टपाल कचेरीत पार्सल देताना आपण त्यावर सीएन २२ किंवा सीएन २३ या नावाचा सीमाशुल्क जाहीरनामा लावतो. त्यात वस्तूचे वर्णन, वजन, संख्या, मूल्य आणि पार्सल भेट आहे की विक्रीचा माल, हे लिहावयाचे असते. पूर्वी हा कागद पार्सलावर चिकटून जाई आणि पलीकडचा अधिकारी तो वाचून निर्णय घेई. आता तसे राहिलेले नाही. हीच माहिती संगणकाद्वारे पार्सलाच्या आधी पुढच्या देशास पाठवावी लागते. अमेरिकेने २०१८ साली केलेल्या कायद्याने टपालाच्या पार्सलांस ही आगाऊ माहिती सक्तीची केली. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून तसाच नियम टपाल व कुरियर यांस लागू केला. माहिती अपुरी असेल, तर पार्सल विमानात चढण्यापूर्वीच थांबविले जाऊ शकते.

म्हणजे पूर्वी ज्याची परीक्षा परदेशच्या बंदरात होत असे, त्याची परीक्षा आता आपल्या गावच्या टपाल कचेरीतच सुरू होते. त्यामुळे जाहीरनाम्यावर ‘आयुर्वेदिक पावडर’ असे दोन शब्द लिहून भागत नाही.

वस्तूच्या वर्गीकरणासाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेची सांकेतिक क्रमांकांची पद्धत १९८८ पासून चालू आहे. पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो. भारताच्या तालिकेत किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या आयुर्वेदीय औषधांस ३००४ ९० ११ हा स्वतंत्र क्रमांक आहे. परंतु शेवटचे दोन अंक आपले आहेत, पलीकडच्या देशाचे नव्हेत. तेथे तेच अश्वगंधा चूर्ण औषध ठरेल, वनस्पतीचा भाग ठरेल किंवा आहारपूरक पदार्थ ठरेल; आणि प्रत्येकाचा दर व नियम वेगळा असेल. वैद्याच्या दृष्टीने द्रव्य एकच, सीमाशुल्काच्या दृष्टीने मात्र त्याचे तीन अवतार.

अल्पमूल्य सवलत म्हणजे काय

लाखो लहान पार्सलांवर शुल्क आकारण्याचा खर्च मिळणाऱ्या शुल्काहून अधिक होतो. म्हणून बहुतेक देश ठरावीक मूल्यापर्यंतचे पार्सल शुल्काविना सोडत आले. लॅटिन भाषेतील ‘डी मिनिमिस’ या नावाने ही सवलत ओळखली जाते. अमेरिकेत तिचा आरंभ १९३८ साली झाला. तेव्हा मर्यादा अवघ्या काही डॉलरची होती. पुढे ती दोनशे डॉलर झाली आणि २०१६ साली आठशे डॉलरवर गेली. आठशे डॉलर ही मर्यादा एवढी मोठी होती, की वैद्याने पाठविलेले तीन महिन्यांचे औषध तिच्या जवळपासही जात नसे. आपल्यापैकी अनेकांना सीमाशुल्क हा शब्द कधी उच्चारावाच लागला नाही, त्याचे कारण हे.

परंतु या सवलतीचा लाभ घेऊन परदेशी विक्रेते थेट ग्राहकाच्या दारी माल पाठवू लागले. अमेरिकेत या मार्गाने येणाऱ्या पार्सलांची संख्या २०१५ मध्ये सुमारे साडेतेरा कोटी होती, ती २०२४ मध्ये १३६ कोटींवर गेली. देशी व्यापाऱ्यांची तक्रार, बुडणारे शुल्क आणि घातक अमली पदार्थांचा शिरकाव ही कारणे पुढे करून ही सवलत प्रथम चीन व हाँगकाँग येथील मालासाठी २ मे २०२५ पासून, आणि नंतर सर्वच देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित करण्यात आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये काय बिघडले

शुल्क वाढले म्हणून टपाल थांबले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. शुल्क वाढले हे खरेच. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे मिळून ५० टक्के अतिरिक्त शुल्क लागू झाले होते. पण केवळ दर वाढल्याने पार्सल महाग होते, बंद पडत नाही. बंद पडण्याचे कारण असे, की शुल्क कोणी गोळा करावे, कसे करावे आणि कोणत्या मार्गाने भरावे याची यंत्रणाच सिद्ध नव्हती.

नव्या आदेशानुसार टपाल पार्सलाचे शुल्क वाहतूकदाराने किंवा अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने मान्य केलेल्या मध्यस्थ संस्थेने वसूल करून भरावयाचे होते. याविषयीच्या सविस्तर सूचना १५ ऑगस्ट रोजी निघाल्या आणि अंमलबजावणी दोन आठवड्यांत होणार होती. विमान कंपन्यांनी आपली तांत्रिक सिद्धता नसल्याचे सांगून टपालाच्या थैल्या घेण्यास असमर्थता दर्शविली. हा प्रकार केवळ भारतातच झाला असे नाही. बर्न येथील जागतिक टपाल संघाने, जो १८७४ पासून देशोदेशींच्या टपालाचा मेळ घालीत आला आहे, दिलेल्या माहितीनुसार ८८ टपाल संस्थांनी अमेरिकेची सेवा अंशतः वा पूर्णतः थांबविली. आणि २९ ऑगस्ट रोजी अमेरिकेकडे जाणारे टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटले.

आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्या सहा महिन्यांसाठी टपालास दोन पद्धतींचा पर्याय दिला होता. एक, मूल्याच्या टक्केवारीने शुल्क. दुसरी, देशाच्या दरानुसार प्रत्येक वस्तूस ८०, १६० किंवा २०० डॉलर अशी ठोक रक्कम. पन्नास टक्के दर असलेल्या देशास यांपैकी २०० डॉलरची पायरी लागू होती. चाळीस डॉलरच्या औषधावर टक्केवारीने वीस डॉलर पडतात, ठोक पद्धतीने दोनशे. म्हणजे औषधाच्या पाचपट शुल्क! पद्धत कोणती निवडली यावर पार्सलाचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतीय टपाल खात्याने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवा सुरू करताना टक्केवारीची पद्धत स्वीकारली. जाहीर मूल्याच्या सरसकट ५० टक्के शुल्क नोंदणीच्या वेळीच पाठविणाऱ्याकडून घ्यावयाचे आणि मान्यताप्राप्त मध्यस्थामार्फत पुढे भरावयाचे, अशी ही व्यवस्था होती. सहा हजार रुपयांच्या औषधावर तीन हजार रुपये शुल्क, शिवाय टपालखर्च, असा तो हिशेब झाला. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटवस्तू शुल्कमुक्त राहिल्या. कुरियरने गेल्यास वस्तुप्रकारानुसारचे मूळ शुल्कही जोडले जाते आणि कागदपत्रे पुरी करण्याचा आकार वेगळा, म्हणून टपाल त्यामानाने सुसह्य राहिले.

यानंतरही दर स्थिर राहिले नाहीत. फेब्रुवारी २०२६ च्या आरंभी उभय देशांत समझोता होऊन दर १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. त्याच महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे हे कर बसविले तो कायदा राष्ट्राध्यक्षांना कर बसविण्याचा अधिकार देत नाही. त्यावर दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन तात्पुरते शुल्क बसविण्यात आले. अल्पमूल्य सवलत मात्र परत आली नाही. आणि जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानेच ती १ जुलै २०२७ पासून मुळातून रद्द होणार आहे. यातून वैद्यांनी घ्यावयाचा बोध एवढाच, की दर आज ऐकला तो उद्या खरा असेलच असे नाही. परंतु शुल्काविना सहज पार्सल जाण्याचा काळ सरला, हे गृहीत धरून चालावे.

इतर देशांची रीत

अमेरिकेपुरताच हा विषय मर्यादित नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हजार डॉलरच्या आतील खरेदीवरही आपला वस्तू व सेवा कर लावला. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून पंधरा पौंडांची करमुक्ती काढली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून बावीस युरोंची करमुक्ती रद्द केली. आणि दीडशे युरोपर्यंतच्या पार्सलांतील प्रत्येक वस्तुप्रकारावर १ जुलै २०२६ पासून तीन युरो सीमाशुल्क घेण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. आपणही मागे नाही. भारताने १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल वा कुरियरने ‘भेट’ म्हणून येणाऱ्या मालाची शुल्कमुक्त आयात निषिद्ध केली. अपवाद राहिला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. भेटीच्या नावाखाली विक्रीचा माल येऊ लागला, हेच येथेही कारण होते. तेव्हा दुसऱ्या देशास दोष देण्याआधी हा जगभरचा प्रवाह आहे हे ओळखणे बरे.

औषधाचे दुसरे द्वार

साडी किंवा चांदीची वाटी शुल्क भरले की सुटते. औषधाचे तसे नाही. शुल्कद्वार ओलांडल्यावर त्याच्यापुढे आरोग्य नियमांचे दुसरे द्वार उभे असते, आणि तेथे पैसे भरून सुटका होत नाही.

अमेरिकेत आयुर्वेदीय कल्प बहुधा १९९४ च्या कायद्याखाली आहारपूरक म्हणून जातात. वेष्टनावर ‘मधुमेहनाशक’ किंवा ‘संधिवातावर उपाय’ असे लिहिले, की तेच द्रव्य मान्यता नसलेले नवे औषध ठरते आणि अडविले जाऊ शकते. खाद्य व आहारपूरक पदार्थ आयात करण्यापूर्वी तेथील अन्न व औषध प्रशासनास आगाऊ सूचना द्यावी लागते. पूर्वी अल्पमूल्य मालास या प्रशासनाच्या तपासणीत जी ढिलाई होती, तीही ९ जुलै २०२५ पासून संपली.

युरोपीय संघात २००४ च्या निर्देशानुसार वनस्पतिज पारंपरिक औषधांची नोंदणी आवश्यक असून तिची संक्रमणमुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. जर्मनीत तर खासगी व्यक्तीने संघाबाहेरून टपालाने औषध मागविणे सर्वसाधारणपणे निषिद्धच आहे. म्हणजे म्युनिकच्या रुग्णास आपण शुल्क भरून, खरे वर्णन लिहून औषध पाठविले तरी ते त्याच्या हाती पडेलच असे नाही. ऑस्ट्रेलियात वैयक्तिक वापरासाठी एका वेळी तीन महिन्यांपुरते औषध मागविण्याची मुभा आहे, पण तेथील जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांवर अनेक देशांत निर्बंध असल्याने घृतकल्प आणि मधयुक्त अवलेह हे अडकण्याचा संभव अधिक.

धातूंचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सन २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. सन २००८ मध्ये इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हाही सुमारे पंचमांश उत्पादनांत हे धातू आढळले. त्या संशोधनातील द्रव्यांची निवड आणि निष्कर्ष यांविषयी आपल्या क्षेत्रात पुष्कळ चर्चा झाली. भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची केली. शिसे १० पीपीएम, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या त्यांतील मर्यादा होत. शास्त्रोक्त शोधन-मारण केलेल्या भस्मांचा गुण हा आपल्या अभ्यासाचा विषय खरा. परंतु पलीकडच्या प्रयोगशाळेचे यंत्र शोधन पाहत नाही, धातू मोजते. नागभस्म किंवा रससिंदूर पार्सलात घालणे म्हणजे रुग्णास चौकशीच्या फेऱ्यात लोटणे होय.

वनस्पतींच्या बाबतीत वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. कुष्ठ त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी, कुटकी, सर्पगंधा आणि रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ही मूळ द्रव्ये परवान्याविना पाठविणे हा गुन्हा ठरू शकतो. वैद्याच्या कपाटात रोज दिसणारी नावे म्हणून ती निरुपद्रवी समजू नयेत.

उगमस्थानाचा नियमही येथे आठवावा. शुल्काचा दर माल कोठून पाठविला यावर नव्हे, तर तो कोठे उत्पन्न झाला यावर ठरतो. हिंगाचा कच्चा माल अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान येथून येतो. यष्टिमधुही मोठ्या प्रमाणात बाहेरूनच येते. केवळ कुटून डबीत भरल्याने द्रव्याचा उगम भारतीय होत नाही.

वीर्यकाल आणि विलंब

आता या विषयाच्या खऱ्या गाभ्याकडे वळू. शार्ङ्गधरसंहितेत औषधांचा सवीर्यता अवधी सांगितला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. गुटी व लेह वर्षभर टिकतात. घृततैलांचाही काल मर्यादित आहे. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने होतील तसे गुणयुक्त होतात. आधुनिक वेष्टनाने हा अवधी वाढतो आणि नियमांनीही वेगळ्या मुदती ठरवून दिल्या आहेत, तरी तत्त्व तेच राहते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ या काळात पार्सल-मार्ग सात आठवडे बंद होता. म्हणजे चूर्णाचा शास्त्रोक्त वीर्यकाल जवळजवळ संपूर्ण वाटेतच सरण्याएवढा. उष्ण गोदामात, ओल्या हवेत पडलेल्या चूर्णाची स्थिती आपण जाणतोच. आणि येथे एक विचित्र विपर्यास उभा राहतो. जे कल्प विलंब सोसू शकतात, म्हणजे आसव-अरिष्टे व रसकल्प, नेमके तेच मद्यार्क आणि धातू यांमुळे सीमेवर अडविले जातात. आणि जे नियमांच्या दृष्टीने त्यातल्या त्यात निर्धोक, म्हणजे साधी वनस्पतिज चूर्णे, त्यांना विलंब सोसत नाही. या दोहोंमध्ये उरतात ती वनस्पतिज गुटी. परदेशस्थ रुग्णाची औषधयोजना करताना केवळ दोषदूष्यांचा विचार पुरत नाही, तर कल्पाच्या प्रवासक्षमतेचाही विचार केला पाहिजे, असा याचा अर्थ आहे.

दुसरी बाब स्वनिर्मित औषधाची. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः सिद्ध केलेल्या औषधास आपल्या कायद्याने निर्मितिपरवान्यातून सूट दिली आहे. ही सूट म्हणजे वैद्यपरंपरेचा मोठा मान आहे. पण ती सूट भारताच्या सीमेपर्यंतच. परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, निर्मितिदिनांक व घटकद्रव्यांची यादी नसलेली पुडी परदेशच्या अधिकाऱ्यास केवळ एक अज्ञात भुकटी दिसते. पूर्वी अशा पुड्या अल्पमूल्य सवलतीच्या गर्दीतून निसटून जात. ती गर्दी आता उरली नाही. शुल्क आकारण्यासाठी प्रत्येक पार्सलाची नोंद होऊ लागली, की प्रत्येक पार्सलाचे अंतरंगही विचारले जाते. दरवाढीपेक्षाही वैद्यवर्गावर होणारा हा परिणाम दूरगामी आहे.

वैद्यांनी काय करावे

१. रुग्ण प्रत्यक्ष भेटीस आला असताना पुढील दोन-तीन महिन्यांची योजना तेव्हाच करावी. त्याच्या देशाच्या नियमांत बसणारे औषध, मूळ वेष्टनात आणि व्यवस्थापत्रासह त्याच्या सोबतच द्यावे. पार्सल हा मुख्य मार्ग न समजता पूरक मार्ग समजावा.

२. पाठविण्यापूर्वी ते औषध त्या देशात येऊ शकते काय, याची चौकशी तेथील सीमाशुल्क व औषध विभागाकडे करण्यास रुग्णास सांगावे. त्याच दिवशी टपाल कचेरीत चालू दर विचारावा. मागच्या महिन्यातील माहितीवर विसंबू नये.

३. जाहीरनाम्यावर वनस्पतीचे प्रचलित व शास्त्रीय नाव, कल्पाचे स्वरूप, गोळ्यांची संख्या, वजन आणि खरे मूल्य इंग्रजीत सुस्पष्ट लिहावे. मूल्य कमी दाखविण्याचा मोह टाळावा. कौटिल्याच्या काळापासून त्यास दंड आहे.

४. रुग्णाकडून पैसे घेऊन पाठविलेले औषध ‘भेट’ होत नाही. आप्ताने स्वखर्चाने, मोबदला न घेता पाठविलेली वस्तू तेवढी भेट. हा भेद रुग्णाच्या नातेवाइकांसही समजावून सांगावा.

५. परवानाधारक निर्मात्याचे, पूर्ण वेष्टनपत्र असलेले व जड धातूंची तपासणी झालेले कल्पच पाठवावेत. सुट्या पुड्या, भस्मे, रसकल्प, आसव-अरिष्टे आणि परवान्याखालील वनस्पती पार्सलात घालू नयेत.

६. शुल्क पाठविणाऱ्याने आगाऊ भरावयाचे की घेणाऱ्याने, हे आधी निश्चित करून रुग्णास एकूण खर्च सांगावा. दारी आलेले पार्सल शुल्क पाहून नाकारले जाते, आणि औषध, टपालखर्च, वेळ तिन्ही वाया जातात.

७. विक्री म्हणून नियमित पाठवावयाचे असल्यास आयात-निर्यात संकेतांक घेऊन रीतसर निर्यात करावी. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रांतून लहान निर्यातदारास कागदपत्रांचे साहाय्य मिळते.

८. औषध खंडित झाल्यास काय करावे याची लेखी सूचना रुग्णाजवळ असावी. पथ्यापथ्य, दिनचर्या, आणि तेथील बाजारात मिळणारी सुंठ, जिरे, धने, हळद, मेथी यांसारखी द्रव्ये प्रकृतीनुसार कशी योजावीत, हे आधीच लिहून द्यावे. रक्तदाब, मधुमेह यांची आधुनिक औषधे चालू असल्यास आयुर्वेदीय औषध येईल या आशेवर ती बंद करू नयेत, हे निक्षून सांगावे.

या सूचनांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची होय. निदानपरिवर्जन, आहार आणि विहार यांवर कोणतेही शुल्क नाही व त्यांस कोणत्याही सीमेवर जाहीरनामा लागत नाही. चिकित्सेचा हा भाग आपण दुबळा ठेवून सारा भार पुडीवर टाकला, तर पुडी अडकताच चिकित्सा थांबते. तो भाग सबळ केला, तर दोन महिन्यांचा विलंबही रुग्ण सोसू शकतो.

संघटनेच्या पातळीवरही काही करता येण्यासारखे आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने एका सदस्याकडे हे काम सोपवून, प्रमुख देशांचे नियम व दर यांतील बदल दर तिमाहीस एकत्र करावेत. कोणत्या कल्पाची पार्सले कोठे अडली, किती दिवसांनी सुटली, कोणत्या कारणाने परत आली, याची नोंद सदस्यांनी रुग्णाचे नाव न देता पाठविल्यास वर्षभरात उपयुक्त माहिती साठेल. आज ही माहिती प्रत्येक वैद्याच्या वहीत विखुरलेली आहे. ती एकत्र आली, तर शासनाकडे मागणी करतानाही नुसत्या तक्रारीऐवजी पुरावा हाती असेल.

शुल्काचे दर चढतील, उतरतील, न्यायालये ते रद्द करतील आणि सरकारे नवे बसवतील. त्यांवर आपली सत्ता नाही. आपल्या हाती आहे ते रुग्णास आधी सावध करणे, पाठवावयाचे ते शुद्ध व स्पष्ट पाठविणे, आणि जे पाठविता येणार नाही त्याचा पर्याय आधीच शोधून ठेवणे. सातासमुद्रापलीकडच्या रुग्णाचे उत्तरदायित्व स्वीकारलेल्या प्रत्येक वैद्याने हा विषय आता आपल्या अभ्यासाचाच एक भाग मानावा.